वस्तुचित्राच्या तासाला शिकलेलं, घाटावर उमगलेलं

इंटरमीजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेला बसलेल्यांना वस्तुचित्राचा पेपर आठवत असेल. स्टुलावर कापड, त्यावर तांब्या, एखादं वांगं, एक जाडसं पुस्तक. आमचे चित्रकलेचे सर कागदावर बोट टेकवून सांगायचे, "तांब्याची कड आणि पुस्तकाची कड नुसती चिकटवू नकोस. एक तर मध्ये फट ठेव, नाहीतर एकाला सरळ दुसऱ्याच्या मागे लपव." मी ऐकलं, पेपर दिला आणि विसरून गेले. ते वाक्य परत आठवलं वीसेक वर्षांनी, मेणवलीला.

वाईपासून मेणवली जेमतेम तीन किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा, त्याच्या मागे कृष्णा आणि पात्रात उतरणारा चंद्रकोरीसारखा दगडी घाट. नवा कॅमेरा, सोबत मिळालेली 18-55ची किट लेन्स, आणि एका सकाळीत मी अडीचशे फोटो काढले. घरी येऊन पाहिले तर एकावरही नजर ठरेना. घाट होता, देवळं होती, कपडे धुणाऱ्या बायका होत्या, फोटो शार्पही होते. पण बघायला सुरुवात कुठून करायची, तेच कळत नव्हतं.

त्यातले चार प्रिंट करून ओळखीच्या एका जुन्या छायाचित्रकारांकडे नेले. त्यांनी काही न बोलता पहिला प्रिंट उलटा फिरवून माझ्यासमोर धरला आणि विचारलं, "आता काय दिसतंय?" उलटा केल्यावर घाट घाट राहिलाच नाही. एक काळपट वाकडा पट्टा, त्यावर एक पांढरा ठिपका आणि ठिपक्याला चिकटलेला जाड दांडा. ठिपका म्हणजे धुणं धुणाऱ्या मावशींचा डोक्यावरचा पदर, दांडा म्हणजे मागच्या झाडाचा बुंधा. दोन्ही मिळून एकच बेढब आकार झाला होता. चिकटलेल्या कडा! सर वर्गात सांगत होते ते हेच.

प्रत्यक्ष तिथे उभी असताना मला हे दिसलं नव्हतं, कारण आपले दोन डोळे मिळून खोली दाखवतात. मावशी जवळ आणि झाड लांब, हे मनाला ठाऊक असतं. कॅमेऱ्याला एकच डोळा. तो जवळचं आणि लांबचं एकाच सपाट कागदावर आणून टाकतो. म्हणून नव्याने शिकणाऱ्यांना मी पहिल्यांदा एवढंच सांगते: शटर दाबण्याआधी एक डोळा मिटा आणि समोरच्या वस्तूंची नावं विसरा. बाई, झाड, देऊळ असं म्हणू नका. गडद, उजळ, गोल, उभं, आडवं असं म्हणा. मग कुठे काय चिकटलंय ते आपोआप दिसतं. बहुतेक वेळा उपाय अर्ध्या पावलाचाच असतो. तुम्ही डावीकडे सरकलात की जवळची वस्तू मागच्या वस्तूपुढून उजवीकडे सरकते आणि मध्ये फट पडते. ती बोटभर फट पडली की डोक्याचा आकार स्वतंत्र उठून दिसतो.

त्यानंतर मी मेणवलीला बऱ्याचदा गेले आणि एका खेपेला एकच गोष्ट बघायची असं ठरवलं.

सगळ्यात जास्त दिवस रेषेत गेले. घाटासमोर मधोमध उभं राहिलं की पायऱ्या म्हणजे आडव्या रेषांची थप्पी दिसते. चित्र शांत होतं, पण नजर जागची हलत नाही. घाटाच्या एका टोकाला जाऊन खालच्या पायरीवर उकिडवं बसलं की त्याच पायऱ्या पायाशी रुंद सुरू होतात, निमुळत्या होत लांब वळतात आणि नजरेला ओढत नेतात. नेतात खऱ्या, पण कुठे? माझे कितीतरी फोटो इथे फसले. रेषा मोठ्या डौलात जायची आणि तिच्या टोकाला प्लास्टिकची बादली असायची. आता मी आधी रेषेचं टोक बघते. तिथे कोणी येऊन बसेल, पाण्यात उतरेल, याची वाट बघते. अर्धा तास जातो कधीकधी. जाऊ द्यावा. (माणसं आंघोळ-धुण्यात असतात, तेव्हा आधी विचारावं. नको म्हणाले तर कॅमेरा खाली.)

पोत मात्र वाट बघून मिळत नाही, तो उन्हावर अवलंबून असतो. घाटाचा काळा दगड भर दुपारी सपाट, निर्जीव दिसतो. तोच सकाळी आठच्या आत, तिरपं ऊन दगडाला घासून जात असताना बघा. छिन्नीचा एकेक घाव सावली धरतो, पावलांनी झिजलेला खोलगट भाग वेगळा कळतो. कॅमेऱ्याचा फ्लॅश समोरून पडतो आणि हे सगळं पुसून टाकतो, म्हणून पोतासाठी तो बंदच ठेवावा.

रंगाबद्दल थोडक्यात. मोबाइल असो वा कॅमेरा, स्क्रीन काही दिवस ब्लॅक अँड व्हाइट मोडवर ठेवून बघा. रंग काढल्यावरही चित्र उभं राहिलं तर रचना पक्की. कोसळलं, तर ते फक्त लाल लुगड्याच्या जिवावर उभं होतं असं समजा. लाल रंग चौकटीच्या कोपऱ्यात इवलासा असला तरी नजर ओढून घेतो, मग तो वाळत घातलेला टॉवेल का असेना. म्हणून चारही कडांवरून एकदा नजर फिरवायची सवय लावा.

चौकटीचे आडवे-उभे तीन-तीन भाग करून मुख्य गोष्ट त्या रेषांवर ठेवण्याचा नियम सगळेच शिकवतात, फोनच्या ग्रिडमध्येही तो मिळतो. वाईट नाही, पण मला तो फार उशिराचा वाटतो. आकार एकमेकांत गुंतलेले असताना ते त्या रेषांवर नेऊन ठेवले तरी गुंता तसाच राहतो. आधी गुंता सोडवा, मग जागा ठरवा.

आणि मोकळी जागा भरून काढायची घाई करू नका. बहुतेक फोनचा मुख्य कॅमेरा 24 ते 28 मिलिमीटरच्या आसपासचा, म्हणजे बराच रुंद बघणारा असतो. नको ते सगळं आत येतं. चार पावलं पुढे जा, किंवा उंच पायरीवरून खाली बघा. मागचा पसारा चौकटीबाहेर जातो आणि उरतं नुसतं पाणी.

गेल्या हिवाळ्यात तशाच एका वरच्या पायरीवरून एक फोटो मिळाला. तीन भाग कृष्णेचं करडं पाणी, खालच्या कोपऱ्यात पायऱ्यांचं वळण, वळणाच्या टोकाला त्याच मावशी आणि त्यांच्या हातातून पाण्यावर पसरलेली पांढरी साडी. साडीचं टोक आणि पायरीची कड यांच्यात बोटभर फट आहे. प्रिंट करून आणल्यावर मी तो आधी उलटा धरून पाहिला, मग मेणवलीला जाऊन मावशींना एक प्रत दिली.