निरोगी म्हातारपणाच्या जनुकीय संशोधनात नाव देताय? मग या चुका टाळा

काही माणसं ८५-९० ची होतात तरी डोकं तल्लख, चालणं फिरणं स्वतःचं स्वतः, मोठा आजार कुठला नाही. अशा लोकांच्या जीन्समध्ये काय वेगळं असतं हे शोधणारे अभ्यास आता बऱ्याच ठिकाणी चालू आहेत. अमेरिकेत संशोधक थॉमस पर्ल्स यांनी शंभरी गाठलेल्या लोकांचा अभ्यास १९९५ मध्ये सुरू केला, तिथलेच दुसरे संशोधक नीर बार्झिलाई यांची टीम शंभरीच्या आसपासची माणसं आणि त्यांची मुलं दोघांनाही तपासते, ब्रिटनच्या यूके बायोबँकमध्ये, म्हणजे लोकांची सॅम्पल आणि तब्येतीची माहिती साठवणाऱ्या प्रकल्पात, तर ५ लाख लोक आहेत. हे सगळं उभं आहे ते स्वतःहून नाव देणाऱ्या साध्या माणसांवर, आणि मला मनापासून वाटतं की जास्तीत जास्त लोकांनी यात यावं. पण येताना काही गोष्टी नीट समजून न घेतल्याने रक्ताचं किंवा लाळेचं सॅम्पल वाया जातं, माहिती चुकीची जाते, नाहीतर माणूस नाराज होऊन मधेच सोडून जातो, म्हणून हे लिहितोय.

"मला बीपी आहे, मी काय कामाचा"

ही चूक नाव द्यायच्या आधीच होते. निरोगी म्हटलं की लोकांना वाटतं एकही गोळी चालू नसलेला माणूसच हवा. काही अभ्यासांची अट खरंच तशी कडक असते, म्हणजे ८० च्या पुढे आणि कुठलाही जुनाट आजार नाही असेच लोक घेतात, पण बऱ्याच ठिकाणी तुलनेसाठी दुसरा गट लागतोच आणि तिथे बीपी, शुगर, गुडघेदुखी असलेली माणसं हवी असतात. शंभरी गाठलेल्या आजींच्या सुनेला किंवा जावयालाही घेतात, कारण घर तेच, राहणीमान बरंचसं तेच, रक्त वेगळं. तेव्हा आपण बसतो की नाही हे स्वतःच ठरवू नका, फोन करून विचारा. यूके बायोबँकच्या बाबतीत हे दिसलंय, बोलावलेल्यांपैकी साधारण ५.५ टक्केच लोक आले आणि जे आले ते बाकीच्या जनतेपेक्षा एकंदरीत तब्येतीने बरे निघाले. आजारी माणसं घरीच थांबली की संशोधनातलं चित्र आहे त्यापेक्षा गोड दिसायला लागतं.

कन्सेंट फॉर्म (संमतीपत्र) न वाचता सही

यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण इथे घाई सगळ्यात महाग पडते. फॉर्म दहा-बारा पानांचा असतो, समोरची व्यक्ती छान बोलत असते, आणि आपण म्हणतो चांगलं काम आहे ना मग द्या इकडे. असं करू नका, फॉर्म घरी न्यायला मागा, चांगल्या अभ्यासात कुणीही नाही म्हणणार नाही.

वाचताना एक गोष्ट आधी शोधा, माझं सॅम्पल फक्त याच अभ्यासासाठी वापरणार की पुढे कशासाठीही. अमेरिकेत हवासुपाई नावाच्या आदिवासी समाजाने १९९० च्या दशकात डायबेटिसच्या संशोधनासाठी म्हणून रक्त दिलं, आणि नंतर त्यांना कळलं की तेच रक्त स्किझोफ्रेनिया, नात्यातली लग्नं, पूर्वज कुठून आले अशा विषयांसाठीही वापरलं गेलंय जे त्यांना अजिबात मान्य नव्हतं. प्रकरण कोर्टात गेलं आणि २०१० मध्ये अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीला ४१ जणांना मिळून ७ लाख डॉलर द्यावे लागले, उरलेलं रक्तही परत करावं लागलं. पुढच्या सगळ्या संशोधनाला परवानगी देणं वाईट आहे असं मी म्हणत नाहीये, उलट त्यामुळे एकाच सॅम्पलमधून खूप काही शिकता येतं, फक्त ती परवानगी तुम्ही जाणूनबुजून दिलेली असावी.

मग बाहेर पडायची सोय बघा. कधीही नाव मागे घेता येतं हे जवळपास सगळीकडे लिहिलेलं असतं पण त्याचा अर्थ नीट विचारा, नळीतलं उरलेलं सॅम्पल नष्ट करता येतं पण जो डेटा आधीच वापरून झाला, पेपर छापून झाला, तो परत घेता येत नाही. आणि नाव काढून कोड नंबर लावला म्हणजे कायमचं लपलं असंही नाही, २०१३ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं की निनावी जीनोम (माणसाचा अख्खा डीएनए) आणि इंटरनेटवरच्या उघड वंशावळी जोडून काही लोकांचं आडनाव काढता येतं. म्हणून डेटा कुणाला देणार, परदेशात जाणार का, खासगी कंपनीला मिळणार का, हे तोंडी नाही तर फॉर्मवर दाखवा म्हणायचं.

इन्शुरन्सचंही आधीच बघा. अमेरिकेत २००८ चा जिना कायदा आहे, त्याने हेल्थ इन्शुरन्स आणि नोकरीत जनुकीय माहितीवरून भेदभाव करता येत नाही, पण लाइफ इन्शुरन्सला तो लागू नाही. प्रत्येक देशात नियम वेगळे, म्हणून रिझल्ट हातात यायच्या आधी विचारा, नंतर नाही.

कंपनीचा किट आणि संशोधन यात गल्लत

पैसे भरून घरी मागवायचा डीएनए किट आणि संशोधन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खऱ्या अभ्यासाला एथिक्स कमिटीची, म्हणजे भाग घेणाऱ्यांचं हित बघणाऱ्या समितीची, मंजुरी असते, मुख्य संशोधकाचं नाव आणि फोन फॉर्मवर असतो, आणि भाग घेण्यासाठी तुमच्याकडे फी मागत असतील तर मी तरी पुढे जाणार नाही.

"रिपोर्टमध्ये कळेल मी किती जगणार"

नाही कळणार, कुणालाच नाही. डेन्मार्कमध्ये १८७० ते १९०० या काळात जन्मलेल्या जुळ्यांचा अभ्यास झाला होता, त्यात आयुष्यमानातल्या फरकाचा साधारण एक चतुर्थांश भागच जनुकांवर टाकता आला. आणि बहुतेक अभ्यासांत वैयक्तिक रिपोर्ट देतच नाहीत, कारण संशोधनाच्या लॅबमधली तपासणी उपचार ठरवण्यासाठी प्रमाणित केलेली नसते. हे माहीत नसलं की सहा महिन्यांनी माणूस चिडतो, मी रक्त दिलं मला काय मिळालं म्हणून.

जिथे रिझल्ट देतात तिथे "सगळं सांगा" वर टिक करायच्या आधी थांबा. एपीओई नावाचं जीन आहे, त्याचा ई४ प्रकार असला तर अल्झायमरचा धोका वाढतो, आई आणि वडील दोघांकडूनही आला असेल तर अजून बराच वाढतो, पण होणारच असं नाही, आणि नसला म्हणून सुटलो असंही नाही. डीएनएची रचना शोधणाऱ्यांपैकी एक जेम्स वॉटसन, त्यांचा अख्खा जीनोम २००७ मध्ये जाहीर झाला तेव्हा त्यांनी फक्त हे एक जीन वगळायला सांगितलं होतं. त्यांना नको वाटलं तर तुम्हाला नको वाटण्यात काहीच चूक नाही. शिवाय तुमचा रिझल्ट म्हणजे थोडा तुमच्या भावंडांचा आणि मुलांचाही रिझल्ट असतो, त्यांना कळायला हवंय का हे घरात बसून बोला, आणि दोन-तीन नातेवाईक एकाच अभ्यासात असतील तर नात्याबद्दलची अनपेक्षित गोष्टही बाहेर येऊ शकते, अशा वेळी टीम काय करते ते आधीच विचारून ठेवा.

सॅम्पल फेल का होतं

लाळेचं सॅम्पल असेल तर आधी अर्धा तास खाणं, पिणं, सिगारेट, तंबाखू, च्युइंगगम काही नको. रेषेपर्यंत लाळ हवी, फेस मोजायचा नाही, लोक फेस बघून भरलं म्हणतात आणि आत अर्धंच असतं. वय झालं की तोंड कोरडं पडतं, बऱ्याच गोळ्यांनीही पडतं, तर घाई नका करू, गाल बाहेरून हलके चोळा, आंबट काहीतरी डोळ्यासमोर आणा, थांबत थांबत भरा. झाकणात डीएनए टिकवणारा द्रव असेल तर तो झाकण घट्ट लावल्यावरच नळीत उतरतो, मग किटवर लिहिलंय तितका वेळ हलवा, तो द्रव तोंडात जाऊ देऊ नका. अशी नळी सहसा फ्रिजमध्ये ठेवावी लागत नाही.

घरात दोघांनी एकदम दिलं की नळ्यांची अदलाबदल होते, ही फार कॉमन चूक आहे. नवरा-बायकोची अदलाबदल लॅबला बऱ्याचदा कळते कारण डीएनएवरून स्त्री की पुरुष ते तपासतात, पण दोन बहिणींची झाली तर त्या तपासणीत पकडली जाणार नाही आणि दोघींची माहिती कायमची उलटी राहील. एकाचं पूर्ण पॅक करून बाजूला ठेवा मगच दुसरं उघडा.

रक्ताचं असेल तर डीएनएसाठी उपाशी राहायची गरज नसते पण त्याच वेळी शुगर, कोलेस्टेरॉल घेणार असतील तर असते, आदल्या दिवशी विचारा. पाणी चालत असेल तर भरपूर प्या, शीर सापडायला सोपी जाते. स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करू नका. आणि कधी बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालं असेल तर ते पहिल्यांदा सांगा, कारण अशा माणसाच्या रक्तात दात्याचा डीएनए असतो, लाळेतही मिसळलेला असतो. सॅम्पल फेल झाल्याचा मेल आला तर घाबरू नका, तो आजाराचा निरोप नसतो, बहुतेक वेळा डीएनए कमी मिळालेला असतो आणि नवीन किट पाठवतात.

चांगलं दिसावं म्हणून दिलेली उत्तरं

प्रश्नावलीत सिगारेट किती, दारू किती, व्यायाम किती, इथे लोक स्वतःला जरा सजवतात. समजा एखादा माणूस ३० वर्षं सिगारेट ओढूनही ९० व्या वर्षी ठणठणीत आहे, तर त्याचं जीन संशोधकांसाठी सोनं आहे, आणि त्यानेच "कधीच नाही" लिहिलं तर ते सोनं मातीत गेलं. वयाचंही तसंच, आजोबांचं वय घरात कौतुकाने पाच वर्षं वाढवून सांगितलेलं असतं, म्हणून जन्माचा दाखला, शाळेचा दाखला, जे असेल ते काढून ठेवा, नसेल तर अंदाज आहे असं स्पष्ट लिहा. डिप्रेशन, लघवीवर ताबा नसणं, पडणं, विसरणं हेही लाजून लपवू नका, म्हातारपण कसं जातं ते नेमकं यातूनच कळतं.

मधेच गायब होणं

असे अभ्यास वर्षानुवर्षं चालतात. फोन नंबर बदलला, मुलाकडे राहायला गेलात, तर कळवा, आणि तुमच्याऐवजी संपर्क करता येईल अशा एका माणसाचं नाव देऊन ठेवा. तब्येत बिघडली की लोक फोन उचलणं बंद करतात, आता मी निरोगी नाही मग काय सांगू म्हणून, पण कुठल्या वयाला काय बिघडलं हीच माहिती त्यांना हवी असते. जायला जमत नसेल तर फोनवर घेता का, घरी येता का विचारा, बरेच जण सोय करतात. आणि पुढे स्मरणशक्ती गेली किंवा तुम्ही नसलात तर सॅम्पलचं काय करायचं, निर्णय कोण घेणार, हे फॉर्ममध्ये विचारलेलं नसलं तरी आत्ताच लिहून द्या आणि एक कॉपी घरच्यांकडे ठेवा.