जुनी पद्मिनी सुरू होत नाही? कार्बोरेटर खोलण्याआधी हे तपासा

जुनी गाडी सुरू झाली नाही की सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन मिनिटांत सल्ले देणारे जमतात. त्यातला एक जण हमखास म्हणतो, "कार्बोरेटरमध्ये कचरा असणार, खोला." त्याचं एवढ्यात ऐकू नका. कार्बोरेटरच्या (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाच्या) नावावर खपलेले बरेचसे बिघाड शेवटी डिस्ट्रिब्युटरमध्ये, म्हणजे प्लगांना करंट वाटणाऱ्या डब्यात सापडतात. शिवाय घाईनं कार्बोरेटर खोलला की पॅकिंग फाटतं, एखादा जेट (पेट्रोलचं बारीक भोक असलेला तुकडा) हरवतो आणि एका दुखण्याची दोन होतात.

हे सगळं प्रीमियर पद्मिनी समोर ठेवून लिहिलंय. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, १०८९ सीसीची, चार सिलिंडरची ही गाडी मुंबईत अजून बऱ्याच जणांनी हौसेनं जपली आहे. पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधला करंट जोडणारा-तोडणारा स्विच) आणि कार्बोरेटर असलेली अॅम्बेसेडर किंवा हेरल्ड असेल तरी तपासणीचा क्रम हाच: आधी सेल्फ (इंजिन फिरवणारा स्टार्टर), मग करंट, मग पेट्रोल.

गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक वर. अंगठी, कडं, गळ्यातली चेन काढून ठेवा. बॅटरीच्या टर्मिनलला धातू टेकला तर भाजतं. बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास येत असेल तर गळती सापडेपर्यंत ठिणगीची कुठलीही तपासणी करायची नाही. तळघरातल्या बंद पार्किंगमध्ये तर नाहीच, गाडी ढकलून मोकळ्यावर आणा. बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प, फिलर गेज (फट मोजायच्या पट्ट्या), बारीक पॉलिश पेपर, एक जादा स्पार्क प्लग आणि कोरडा सुती फडका एवढं जवळ असलं की पुरे.

सेल्फ फिरतोय का?

हेडलाइट लावून सेल्फ मारा. लाइट एकदम मंद झाला तर बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल खराब आहे. लाइट तसाच राहिला आणि नुसतं 'टक' झालं, तर संशय सोलेनॉइड (स्टार्टरला करंट जोडणारा स्विच) किंवा स्टार्टरवर घ्या. मीटर असेल तर बघा: पूर्ण चार्ज झालेली बॅटरी स्वस्थ असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली जात असेल तर बॅटरी कमजोर आहे.

समुद्राजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी लवकर जमते. आधी बॅटरीची बॉडीला जाणारी (अर्थची) केबल सोडवा, कोमट पाण्यात खायचा सोडा घालून टर्मिनल धुवा, कोरडं करा, पॉलिश पेपरनं चकचकीत करून घट्ट बसवा. त्याच केबलचं दुसरं टोक, जिथं ती बॉडीला बसते, तेही उघडून बघा. तिथं बहुतेक कुणी हात लावलेला नसतो.

इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थची पट्टीही बघा. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं. ही पट्टी तुटली की स्टार्टरचा करंट परत जायला वाट शोधतो आणि चोकच्या किंवा अॅक्सिलरेटरच्या तारेतून जातो. सेल्फ मारल्यावर चोकची तार गरम लागली तर दुखणं सापडलं म्हणा. मॉरिस मायनरसारख्या गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असतो, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. तिथं जंपर केबल लावण्याआधी नीट खात्री करा.

करंट येतोय का?

या तपासणीसाठी इंजिनातला प्लग काढू नका. मोकळ्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते. जादा प्लग एका वायरीला लावा, त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या उघड्या लोखंडाला टेकवा, रबरी मुठीच्या पकडीनं धरा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. निळी, चटचट वाजणारी ठिणगी असेल तर पेट्रोलकडे वळा. पिवळट, मरतुकडी असेल किंवा ठिणगीच नसेल, तर इथंच थांबा. बहुतेक सकाळ इथंच जाणार आहे.

आधी डिस्ट्रिब्युटरची कॅप काढा. पावसाळ्यात तिच्या आतल्या बाजूला दमट हवेचं पाणी धरतं. फडक्यानं पुसलं की पुष्कळ गाड्या तिथल्या तिथं सुरू होतात. पुसताना बारीक काळी रेघ दिसते का बघा. ती मळाची नसेल तर करंटनं जाळून केलेली वाट असते आणि मग कॅप बदलावीच लागते. मधला कार्बनचा तुकडा झिजलाय का, कॅपच्या आत फिरणाऱ्या रोटरला चीर गेलीय का, तेही पाहा. वायरी टोकापर्यंत चाचपा. मुंबईतल्या पार्किंगमधल्या उंदरांना इन्शुलेशन कुरतडायला आवडतं.

आता पॉइंट. महिनोन् महिने उभ्या असलेल्या गाडीत पॉइंट दिसायला ठणठणीत असतात, पण त्यांच्या तोंडावर ऑक्साइडचा पातळ थर चढलेला असतो आणि करंट पलीकडे जात नाही. हे नजरेला कळत नाही, टेस्ट लॅम्पला कळतं. इग्निशन चालू करा. लॅम्पची क्लिप बॉडीला लावा आणि टोक आधी कॉइलच्या (प्लगसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या भागाच्या) इग्निशनकडून येणाऱ्या टर्मिनलला टेकवा. तिथं लॅम्प लागला नाही तर बिघाड स्विच किंवा वायरिंगमध्ये आहे. लागला तर टोक डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या टर्मिनलला टेकवून सेल्फ मारायला सांगा. लॅम्प उघडझाप करायला हवा. सतत जळत राहिला तर पॉइंट एकमेकांना टेकत नाहीत किंवा त्यांच्या तोंडावर घाण आहे. अजिबात लागला नाही तर पॉइंट उघडत नाहीत, त्यांची वायर कुठं तरी बॉडीला टेकतेय, किंवा कॉइल आतून तुटलीय. एवढी तपासणी झाली की निम्मा अंदाज संपतो.

पॉइंटमधून पॉलिश पेपरची पट्टी दोनतीनदा ओढा, मग कोरं व्हिजिटिंग कार्ड ओढा, म्हणजे राहिलेली भुकटी आणि तेल निघून येईल. इंजिन फिरवून पॉइंट पूर्ण उघडे आणा आणि फट मोजा. साधारण ०.४ मिलिमीटर चालतं, पण शेवटचा शब्द तुमच्या गाडीच्या मॅन्युअलचा. पॉइंट उघडताना मोठी ठिणगी उडत असेल आणि प्लगवर मात्र करंट मरतुकडा असेल, तर कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी शोषणारी छोटी डबी) बदला. स्वस्त वस्तू आहे, डिकीत एक पडलेला असावाच. इग्निशन चालू ठेवून चहाला जाऊ नका. पॉइंट एकमेकांना टेकलेले असतील तर कॉइल तापून जाते.

कुणी नुकत्याच वायरी काढून लावल्या असतील आणि गाडी सुरू होण्याऐवजी फटाके फोडत असेल तर फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम तपासा: १-३-४-२.

पेट्रोल पोचतंय का?

कॉइलची जाड वायर काढून बॉडीला टेकवून बांधा. कार्बोरेटरकडची पेट्रोलची नळी सोडवून तिचं टोक बाटलीत धरा आणि सेल्फ मारा. झटक्याझटक्यानं पेट्रोल यायला हवं. येत नसेल तर टाकीचं झाकण उघडून पुन्हा बघा. झाकणाचं हवेचं भोक बुजलं तरी पंप ओढू शकत नाही. नंतर फिल्टर, नळ्या आणि शेवटी पंपाचा डायफ्राम (पेट्रोल ओढणारा लवचिक पडदा). डिपस्टिकचा वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास आला तर डायफ्राम फाटून पेट्रोल खाली उतरतंय. ऑइल बदलल्याशिवाय इंजिन चालवू नका.

आता बहुतेक पेट्रोल पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते जुन्या रबराला मऊ करतं, आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. म्हणून महिनाभर न हलणाऱ्या गाडीच्या नळ्या आधी दाबून बघा. चिकट किंवा फुगलेली लागली तर इथेनॉल चालेल अशी नळी मीटरवर विकत घ्या. ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांतून किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर विचारा.

पेट्रोल येतंय, करंटही आहे, आणि प्लग काढल्यावर ओले निघतायत? मग चोक जास्त ओढला गेलाय. प्लग पुसून परत लावा, चोक आत, अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा आणि सेल्फ मारा. पायानं पंप करत राहिलात तर आणखी ओलं होईल. प्लग कोरडे असले तरच कार्बोरेटरच्या फ्लोटकडे (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाकडे) आणि जेटकडे वळा. कार्बोरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतून गाडी सुरू करायची युक्ती टाळा. ज्वाळा उलट्या बाहेर येऊ शकतात.

मे महिन्यात सायनच्या ट्रॅफिकमध्ये बंद पडलेली आणि अर्ध्या तासानं आपोआप सुरू होणारी गाडी वेगळी गोष्ट आहे. तेव्हा दोनच संशयित: पंपात पेट्रोलची वाफ अडकली, किंवा तापलेल्या कॉइलनं करंट देणं सोडलं. ठिणगी आधी बघा. ती असेल तर पंपावर ओला फडका ठेवा, टॅक्सीवाले वर्षानुवर्षं हेच करत आले. ठिणगी नसेल तर फडका कॉइलला चालत नाही, नवी कॉइल लागते.