गरम पाण्याची वीज वाचवायची? सुरुवात नळापासून करा

गरम पाण्यावरचा खर्च कमी करायचा म्हटलं की लोक आधी नवा गीझर बघायला लागतात. पण विजेवरचा जुना गीझरसुद्धा घेतलेली जवळजवळ सगळी वीज पाण्यातच उतरवतो. कॉइल पाण्यात बुडालेली असते, उष्णता दुसरीकडे जाणार कुठे? ती वाया जाते नंतर, म्हणजे टाकीच्या अंगातून, पाइपातून आणि सगळ्यांत जास्त उघड्या नळातून. गीझर बदलायचा विचार शेवटी करायचा.

हिशेबाला एकच आकडा पुरतो. १ लिटर पाणी १ अंश सेल्सिअसने तापवायला १.१६ वॉट-तास लागतात. म्हणजेच १ युनिट विजेत ८६० 'लिटर-अंश' काम होतं. २५ अंशांचं बादलीभर, म्हणजे २० लिटर पाणी ४० अंशांवर नेलं, तर २० गुणिले १५ म्हणजे ३०० लिटर-अंश, साधारण ०.३५ युनिट. तेच मिनिटाला १२ लिटर सोडणाऱ्या शॉवरखाली १० मिनिटं उभं राहिलं, तर १२० गुणिले १५ म्हणजे १८०० लिटर-अंश आणि २.१ युनिट. गीझर तोच, पाणी तितकंच कोमट, वीज सहापट.

शॉवरचा प्रवाह मोजायला पाच मिनिटं लागत नाहीत. नेहमी सोडता तसा शॉवर सोडा, १० सेकंद बादलीत धरा, पाणी मोजा आणि सहाने गुणा. मिनिटाला ९ लिटरच्या वर उत्तर आलं तर ६ ते ७ लिटरचा शॉवर बसवावा. मात्र पाण्याची टाकी अगदी डोक्यावर असेल तर दाब मुळातच कमी असतो. तिथे प्रवाह रोखणारी चकती टाकली की धार मरते आणि लोक दुप्पट वेळ उभे राहतात. तात्काळ तापवणाऱ्या गीझरला आणि गॅस गीझरला पेट घ्यायला ठरावीक किमान प्रवाह लागतो. धार फार बारीक केली की ते मध्येच बंद पडतात.

तापमान किती ठेवायचं

साठवणीच्या गीझरला ६० अंश ठेवा. त्याहून फार खाली आणू नका, कारण २० ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात न्यूमोनियासारखा आजार करणारे लेजिओनेला जातीचे जिवाणू वाढतात. ७५ वर ठेवण्यातही शहाणपणा नाही. खोली २५ अंशांची धरली तर टाकीतून होणारी उष्णतेची गळती ६०च्या तुलनेत दीडपटीच्या जवळ जाते आणि क्षारही भराभर बसतात. गीझरच्या चकतीवरच्या आकड्यावर विसंबू नका. गीझरवरचा दिवा विझल्यावर पहिलं लिटरभर पाणी बाजूला काढा आणि पुढचं पाणी कपात घेऊन थर्मामीटरने मोजा. ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत पोळतं, त्यामुळे घरात लहान मूल किंवा वृद्ध माणूस असेल तर नळाआधी तापमान बांधून देणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवणं चांगलं.

'सारखा चालू-बंद करण्यापेक्षा चालूच ठेवलेला परवडतो' हे खरं नाही. टाकी जितकी गरम, तितकी उष्णता जास्त बाहेर जाते. थंड होत गेलेली टाकी कमी गमावते आणि पुन्हा तापवताना जेवढं गमावलं तेवढंच भरावं लागतं. आपल्या टाकीची गळती मोजता येते. ती ६० पर्यंत तापवा, बंद करा, पाणी न वापरता ८ तासांनी वरच्याच पद्धतीने तापमान घ्या. २५ लिटरच्या टाकीत ते ५० वर आलं असेल तर २५० लिटर-अंश, म्हणजे ०.२९ युनिट गेलं. टाकी सतत ६० वर ठेवली तर दिवसाला साधारण १ युनिट, कुणी एक तांब्याही न वापरता. (नळाला आधी टाकीतलं वरचं, जास्त गरम पाणी येतं, म्हणून खरी गळती याहून थोडी जास्तच असते.)

१५ लिटर पाणी २५ वरून ६० वर न्यायला २००० वॉटच्या कॉइलला १८ मिनिटं लागतात. आंघोळीआधी २०-२५ मिनिटं लावलेला टायमर पुरतो. टायमर मात्र १६ अॅम्पियरचा घ्या. हलका घेतला की त्याचे संपर्कबिंदू जळतात. आंघोळी एकापाठोपाठ उरकल्या तर पाइप प्रत्येक वेळी नव्याने तापवावा लागत नाही.

पाइपात अडकलेलं पाणी

आतून १५ मिलिमीटर व्यासाच्या पाइपात मीटरला सुमारे ०.१८ लिटर पाणी मावतं. गीझर बेसिनपासून १० मीटरवर असेल तर १.८ लिटर. एका दांड्याचा मिक्सर नळ मधोमध ठेवून हात धुतले की गरम पाणी पाइपात शिरतं, नळापर्यंत पोचायच्या आत हात धुऊन होतात आणि ते पाणी तिथेच थंड होतं. असा पूर्ण पाइप दिवसातून पाच वेळा भरला तर ९ गुणिले ३५ म्हणजे ३१५ लिटर-अंश, म्हणजे एका बादलीच्या आंघोळीएवढी वीज कुणाच्याही हाताला ऊब न लावता गेली. दांडा थंड बाजूला वळवून ठेवायची सवय लावा. यात एक पैसाही लागत नाही.

गीझरमधून निघणाऱ्या गरम पाइपाच्या पहिल्या दोन मीटरला आणि थंड पाइपाच्या पहिल्या अर्ध्या मीटरला १३ मिलिमीटर जाडीची फोमची नळी घाला. चीर खालच्या बाजूला ठेवून टेपने बंद करा. वळणावर फोम ४५ अंशांत कापून जोडा, नुसता वाकवला की कोपरा उघडा पडतो. सेफ्टी व्हॉल्व्ह आणि वायरिंगचं झाकण झाकू नका. गॅस गीझरच्या धुराड्यापासून फोम १५ सेंटिमीटर तरी लांब ठेवा.

क्षार आणि सफाई

विजेच्या गीझरमध्ये क्षारामुळे बिल फारसं वाढत नाही. कॉइल थराखाली जास्त तापते आणि जळते, हा खरा तोटा. गॅस गीझरमध्ये उलट आहे: तांब्याच्या नळ्यांत थर बसला की उष्णता पाण्यात न जाता धुराबरोबर निघून जाते. पाणी जड असेल तर टाकी वर्षातून एकदा धुवावी:

१. एमसीबी बंद करा, नुसतं बटण नाही. टाकी थंड होऊ द्या.
२. आत येणाऱ्या पाण्याचा कॉक बंद करा आणि गरम पाण्याचा नळ उघडा. हवा शिरली नाही तर टाकी रिकामी होत नाही.
३. सेफ्टी व्हॉल्व्हला नळी जोडून त्याचा दांडा उचला आणि पाणी बादलीत सोडा.
४. कॉक थोडा थोडा उघडून पाणी स्वच्छ येईपर्यंत दोन-तीनदा खळखळून काढा.
५. दांडा खाली करा, टाकी भरा. गरम नळातून हवा जाऊन सलग धार आल्यावरच वीज चालू करा.

शेवटच्या पायरीला घाई केली की कोरडी कॉइल काही मिनिटांत जाते. टाकी उघडलीच असेल तर टाकीला गंजापासून वाचवणारा मॅग्नेशियमचा दांडाही बघा. आतली तार दिसत असेल तर तो बदला, आणि झाकणाचं रबरही नवं घाला.

पाणी तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून चार थेंब पडणं ठीक आहे, कारण २५ वरून ६० वर जाताना १५ लिटर पाणी सुमारे ०.२ लिटरने फुगतं. ते तोंड कधीही बुजवू नका. गीझर बंद असतानाही थेंब पडत राहिले तर व्हॉल्व्हच्या बैठकीत कचरा अडकला असेल किंवा पाण्याचा दाब जास्त असेल.

उपकरण बदलायचंच असेल तर

तात्काळ गीझर स्वयंपाकघराच्या नळाला छान. मिनिटाला १ लिटर पाणी १ अंशाने वाढवायला ७० वॉट लागतात, त्यामुळे ३००० वॉटचा गीझर १५ अंशांची वाढ देऊन मिनिटाला जेमतेम २.९ लिटर सोडतो. एवढ्यावर शॉवर चालत नाही. हीट पंप हवेतली उष्णता ओढून १ युनिट विजेत साधारण ३ युनिटांची उष्णता देतो, पण तो भोवतालची हवा थंड करतो. कोंदट कपाटात बसवला तर त्याचा फायदा हळूहळू संपतो. सौर गीझरमध्ये पूरक कॉइल सकाळी चालू करून विसरणं ही नेहमीची चूक आहे: टाकी विजेने आधीच तापलेली असली की उन्हाला तापवायला फारसं काही उरत नाही. तिला टायमर लावा आणि वेळ सूर्यास्तानंतरची ठेवा. काचेच्या नळ्या सकाळी लवकर धुवा; भर दुपारी थंड पाणी मारलं तर त्या तडकतात.