फायनल इयर प्रोजेक्ट घेताय? टायटल द्यायच्या आधी एवढं बघून ठेवा

जुलै संपत आला की ग्रुप करा, टायटल द्या अशी नोटीस लागते आणि मग आपली सांगलीची पोरं विश्रामबागला चहाच्या गाड्यावर बसून तासाभरात टायटल ठरवून मोकळी होतात. आम्ही चौघांनी पण तेच केलं होतं, त्याचं वर्षभर फेडलं, म्हणून लिहितोय. क्रमाने असेलच असं नाय, आठवेल तसं सांगतो.

आधी माणसं बघा. रूममेट आहे, लहानपणीचा दोस्त आहे म्हणून ग्रुपमध्ये घेऊ नका, कोण कोड लिहिणार, कोण डेटा आणणार, कोण रिपोर्ट बघणार हे तोंडावर बोलून घ्या, नंतर मार्चमध्ये यावरून भांडणं होतात आणि तेव्हा भांडायला पण वेळ नसतोय. प्रत्येकाचं स्वतःचं गिटहब (कोड ठेवायची साइट) अकाउंट पाहिजे आणि प्रत्येकाने स्वतःच्या नावाने कमिट करायचं, म्हणजे आपण केलेला बदल नोंदवायचा. सगळं एकाच्याच लॅपटॉपवरून त्याच्याच नावाने कमिट झालं तर हिस्टरीत एकच नाव दिसतं, मग एक्स्टर्नलने (बाहेरून आलेल्या परीक्षकाने) विचारलं की बाकी तिघांनी काय केलं तर काय सांगणार, चहा आणला? रेपो (प्रोजेक्टचं गिटहबवरचं फोल्डर) काढल्या काढल्या गिटइग्नोर फाईल टाका, म्हणजे कुठल्या फाईल वर चढवायच्या नाहीत त्याची यादी, पासवर्ड आणि एपीआय की (बाहेरची सेवा वापरायची गुप्त चावी) कोडमध्ये लिहू नका, आणि एक लक्षात ठेवा, गिटहब १०० एमबीपेक्षा मोठी फाईल घेत नाही, ट्रेन केलेलं मॉडेल (डेटा दाखवून शिकवलेला प्रोग्रॅम) त्या आकड्याच्या वर गेलं की सबमिशनच्या आदल्या रात्री कळतं.

मग गाइड. गाइड सरांकडे किंवा मॅडमकडे तुमच्यासारखे आणखी ग्रुप असतात, वर लेक्चर, प्रॅक्टिकल, पेपर तपासणं, त्यामुळे तुम्हाला आठवड्याला दहा मिनिटं मिळाली तर लई झालं. त्या दहा मिनिटांची तयारी आदल्या दिवशी करा: काय चाललं, कुठं अडकलं, आणि सरांनी ठरवून द्यायची एकच गोष्ट कुठली. "सर, काम चालू आहे" हे वाक्य घेऊन केबिनमध्ये जायचंच नाही. अर्धवट असू दे, लॉगिन पेज फुटकं असू दे, पण लॅपटॉप उघडून चालवून दाखवा. आम्ही पूर्ण झाल्यावर दाखवू म्हणून दीड महिना गेलोच नाही, गेलो तेव्हा मॅडमनी डेटाबेसचं डिझाईन दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाल्या हे पहिल्या आठवड्यात आणलं असतं तर मी तेव्हाच खोडलं असतं. चार टेबल परत लिहिली. आणि वही ठेवा, लॉगबुक म्हणून देतात ती नुसती सहीसाठी नसते, सर काय म्हणाले ते तारीख टाकून तिथंच लिहा, कारण पुढच्या रिव्ह्यूला "हे तुम्हाला कुणी करायला सांगितलं" असं तेच विचारू शकतात.

आता डेटा, इथं जरा थांबतो कारण आमची खरी वाट इथं लागली. विषय घेतला द्राक्षाच्या पानावरचा रोग ओळखणारं ॲप. प्लँटव्हिलेजचा डेटासेट (पिकांच्या रोगट आणि निरोगी पानांच्या फोटोंचा साठा) फुकट मिळतो, १४ पिकं, ५४ हजारांवर फोटो, आम्ही खूश, मॉडेल ट्रेन केलं, लॅपटॉपवर सत्त्याण्णव टक्के ॲक्युरसी. दिवाळीच्या सुट्टीत तासगावकडं मामाच्या बागेत गेलो, मामा म्हणाला हे घे, डाऊनी आलेलं पान, बघू तुझं यंत्र काय म्हणतंय. डाऊनी म्हणजे बुरशीचा रोग, ॲप म्हणालं एस्का, म्हणजे भलताच रोग. मामा म्हणाला हे कुठल्या गावचं? नंतर नीट बघितलं तर त्या डेटासेटमध्ये द्राक्षाचे चारच क्लास (प्रकार) आहेत, ब्लॅक रॉट, एस्का, लीफ ब्लाईट आणि निरोगी पान. आपल्याकडचा शेतकरी ज्याच्यासाठी रात्री झोपत नाही ती डाऊनी आणि भुरी त्यात नाहीतच, मग मॉडेलने सांगायचं कुठून. शिवाय ते फोटो तोडलेल्या पानाचे, साध्या बॅकग्राउंडवर काढलेले, आणि बागेत पानामागं पान, ऊन, सावली, औषधाचे डाग. डाऊनीची पांढरी बुरशी तर पानाच्या खालच्या बाजूला असते, वरून बघितलं तर नुसता पिवळट तेलकट डाग, म्हणजे फोटो दोन्ही बाजूचे पाहिजेत, हे आम्हाला मामाने सांगितलं, इंटरनेटने नाही.

त्यामुळं डेटासेट घ्यायच्या आधी त्यात कुठले क्लास आहेत ते वाचा आणि ज्याच्यासाठी ॲप करताय त्या माणसाला विचारा की तुझा त्रास यात आहे का. हळदीवर करायचं म्हणत असाल तर प्लँटव्हिलेजमध्ये हळदच नाही, स्वतः फोटो काढायला लागणार. आणि स्वतः काढायचे तर हंगाम बघा, द्राक्षाची फळछाटणी ऑक्टोबरच्या आसपास, छाटणीनंतर पाऊस लागला की डाऊनी, ते दिवस गेले की फेब्रुवारीत तुम्हाला हवं तसं पान कुठं मिळणार, तोवर घड काढणीला आलेले असतात.

दरवर्षी एखादा ग्रुप पुराचा अलर्ट पण घेतोच, २०१९ बघितलेल्याला ते सुचणारच. घ्या की, पण सांगलीतल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट आहे आणि तुम्ही बादलीवर लावून दाखवता तो एचसी-एसआर०४ (आवाजाच्या लहरींनी अंतर मोजणारा) सेन्सर जास्तीत जास्त ४ मीटर मोजतो, म्हणजे तेरा फूट. ही बेरीज-वजाबाकी टायटलच्या आधी करा आणि हे नुसतं दाखवायचं छोटं मॉडेल आहे असं रिपोर्टमध्ये सरळ लिहा, एक्स्टर्नल तेवढ्यावर धरत नाही, लपवलं तर धरतो.

ॲप प्ले स्टोअरवर टाकणार असं सिनॉप्सिसमध्ये (सुरुवातीला देतो त्या आराखड्यात) लिहू नका. २५ डॉलर भरायला लागतात ते एक, आणि नवीन पर्सनल अकाउंटला आधी १२ टेस्टर सलग १४ दिवस लागतात, एप्रिलमध्ये हे कळून काही उपयोग नाही. एपीके (ॲपची फाईल) थेट फोनमध्ये टाकून दाखवा, चालतंय.

तयार प्रोजेक्ट विकत घ्यायचा विचार असेल तर घेणारे घेतात, मला काय, पण व्हायवाला (तोंडी परीक्षेला) "कोडमधली ही ओळ काढली तर काय होईल" एवढाच प्रश्न पुरतो.

रिपोर्टचं थोडक्यात: स्क्रीनशॉट चालेल तसे काढत जा, शेवटी सगळं परत चालवायला लागतं नाहीतर. डायग्राम कोडशी जुळतात का बघा. बाइंडिंगला शेवटच्या दोन दिवसांत रांग असते, आठवडाभर आधी जा.

डेमोचं मात्र सगळं आदल्या दिवशी कॉलेजातच करून बघायचं, घरी नाही. मोंगोडीबी ॲटलास (ऑनलाइन डेटाबेस) फक्त यादीत टाकलेल्या आयपीवरून (इंटरनेटवरच्या पत्त्यावरून) जोडू देतं, आम्ही घरचा आयपी टाकलेला, कॉलेजात गेलो तर डेटाबेस उघडेना, आणि समोर एक्स्टर्नल घड्याळ बघतोय. काही कॉलेजांच्या वायफायवर डेटाबेसला जोडायचा पोर्टच (नेटवर्कमधली वाट) बंद असतो, म्हणून मोबाईलचा हॉटस्पॉट, त्यात रिचार्ज, आणि सगळं लोकल मशीनवर चालणारी एक कॉपी पाहिजेच. फुकट होस्टिंग वापरत असाल तर रेंडरसारख्या ठिकाणी १५ मिनिटं कुणी आलं नाही की सर्व्हर झोपतो, आपला नंबर यायच्या आधी एकदा पेज उघडून त्याला जागं करा. दोन मिनिटांचा व्हिडिओ रेकॉर्ड करून पेनड्राइव्हवर ठेवा. आणि एक्स्टेंशन बोर्ड घरचा न्या, लॅबमधल्या सॉकेटात चार्जर एका हाताने दाबून धरायला एक माणूस लागतो आणि नेमका त्यालाच प्रश्न विचारतात.