जंजिऱ्याला जाताना आधी तिथी बघा

जळगाव-धुळ्याकडच्या माणसाला तापीचा पूर कळतो, पण भरती-ओहोटीचा अंदाज नसतो. राजपुरी बंदरातून जंजिऱ्याला शिडाच्या होडीने जायचं तर तो हवाच. कोकणातला सोपा हिशोब आहे: तिथीची पाऊणपट करा. अष्टमीला ८ ची पाऊणपट ६, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. रोज ही वेळ साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे सगळ्यात मोठी भरती असते. म्हातारी माणसं सोबत असतील तर ते दिवस टाळलेलेच बरे.

खरी कसोटी किल्ल्याच्या दाराशी लागते. तिथे थेट पायऱ्यांवर उतरावं लागलं तर जपून. ओहोटीला खालच्या पायऱ्या उघड्या पडतात आणि शेवाळामुळे पाय हमखास घसरतो, म्हणून गुळगुळीत तळाच्या चपला नकोत. होडी लाटेवर वर आली की नावाड्याचा हात धरून लगेच पाऊल टाका. ती खाली जाताना कधीच नाही. होडीची कड आणि दगड यांच्यामध्ये बोटं ठेवू नका.

परतीलाही त्याच होडीने यायचं असतं, तेव्हा नावाड्याने दिलेली वेळ पाळा. पावसाळ्यात होड्या बंद असतात.