आधी बाईंनी लिहायचं

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये मी फळ्यावर ‘पाऊस’ असा विषय लिहिला आणि चौथीच्या पोरांना म्हटलं, आज मीसुद्धा तुमच्याबरोबर लिहिणार. खुर्ची सोडून खाली बस्करपट्टीवर बसले. वीस मिनिटांत वहीत साडेचार ओळी झाल्या. पहिली ओळ : ‘पावसाळा सुरू झाला की सृष्टी हिरवा शालू नेसते.’ शेजारच्या पोराने मान लांब करून ती वाचली आणि खूश होऊन स्वतःची वही पुढे केली. त्याच्याही वहीत हिरवा शालू. ‘बाई, तुमच्याकडं पण तेच पुस्तक हाय?’

पुस्तक म्हणजे निबंधाचं, नारायणगावच्या बाजारात मिळतं ते. सतरा वर्षं मी पोरांना ‘स्वतःच्या मनाने लिहा’ असं सांगत आले होते, आणि ते कसं करतात हे मलाच येत नव्हतं. शालू तर माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांनी पाहिलेलाही नाही.

तेव्हापासून मी पोरांबरोबर स्वतः लिहिते आहे; ते कसं, ते इतर शिक्षकांसाठी इथे सांगते. आमची शाळा दोनशिक्षकी, तिसरी-चौथी माझ्याकडे एकत्र. पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहिती भरणं सांभाळून जे जमलं तेवढंच यात आहे.

सुरुवात कथा-कवितेने करू नका, नोंदवहीने करा. वर्णनात्मक नोंदी, म्हणजे प्रत्येक मुलाच्या प्रगतीविषयी आपण लिहायची वाक्यं, आपण कुठून आणतो ते आपल्याला ठाऊक आहे. सत्र संपत आलं की व्हॉट्सॲपवर तयार पीडीएफ फिरते. मराठीच्या नोंदी, गणिताच्या नोंदी, फक्त मुलाचं नाव घालायचं. ‘स्वतःचे अनुभव प्रभावी शब्दांत मांडतो’ ही नोंद मी अशा एका मुलापुढे केली होती, जो वर्षभरात वर्गात चार वाक्यंही बोलला नव्हता. पोरांचं ते पुस्तक आणि आपली ही पीडीएफ, फरक काय सांगा.

तर एक मूल निवडा आणि त्याच्याविषयी अशा आठ ओळी लिहा की त्या दुसऱ्या कुणाला लागूच पडू नयेत. मी त्या न बोलणाऱ्यावर लिहिलं : ‘बेरजेत हातचा आला की पेन्सिलीचं टोक जिभेला लावतो. खिचडीतले वाटाणे आधी वेचून खातो. शाळा सुटल्यावर धाकट्या बहिणीचं दप्तर धरून फाटकाशी उभा राहतो, ती आल्याशिवाय पाऊल उचलत नाही.’ एवढ्यासाठी मला तीन दिवस त्याच्याकडे नीट बघावं लागलं. सरकारी नोंदवहीत शेवटी पीडीएफचंच वाक्य गेलं, खोटं कशाला बोलू. पण बघायची सवय त्या तीन दिवसांत लागली.

वही शंभर पानी घ्या, मुलांची असते तशीच. घरची वही वेगळी ठेवा. घरातलं सगळंच वर्गात वाचण्याजोगं नसतं. वेळ ठरलेली हवी. आमच्याकडे मंगळवार आणि शुक्रवार, मधल्या सुट्टीनंतरची वीस मिनिटं. खिचडी खाऊन पोरं जरा पेंगुळलेली असतात, भांडणं कमी होतात. या वीस मिनिटांत तुम्ही उठायचं नाही, फोन बघायचा नाही, आणि फिरून कुणाच्या वहीत डोकवायचं तर मुळीच नाही. पहिली पाच मिनिटं काही सुचणार नाही. सुचत नाहीये हे पोरांना दिसू द्या. दोन ओळी लिहून ‘बाई, झालं’ म्हणत येणाऱ्याला मी पूर्वी ‘अजून लिही’ म्हणायचे. आता म्हणते, ‘थांब रे, माझं अडलंय.’ तो परत जाऊन बसतो. बसला की काहीतरी लिहितो.

एक नियम पहिल्या दिवसापासून ठेवा : ज्याला दाखवायचं नसेल त्याने पान दुमडायचं. दुमडलेलं पान बाई उघडत नाहीत. आमच्याकडे एकाने सलग सात पानं दुमडली. आठवं उघडं होतं आणि त्यात त्यांच्या कुत्र्याबद्दल होतं. आधीच्या सातांत काय होतं ते मला आजही माहीत नाही.

महिनाभर झाला की स्वतःचा खर्डा फळ्यावर उतरवा. इथे घाई करू नका, सगळं खरं काम इथेच होतं. माझा हा खर्डा बघा :

‘रात्री अचानक अवकाळी पाऊस आला. आमची खूप धावपळ झाली. आम्ही कांद्याच्या चाळीवर ताडपत्री टाकली. मोठे नुकसान होता होता टळले.’

पोरांना काम एकच दिलं. ज्या ठिकाणी डोळ्यांपुढे काही येत नाही तिथे हात वर करायचा. ‘खूप धावपळ’ला सगळा वर्ग हात वर. कोण धावलं? बाई, तुम्ही धावला? पायात काय होतं? मग मागून एक आवाज आला, ‘बाई, चाळ काय म्हणताय, बराख म्हणा की.’ बरोबर होतं. आमच्याकडे कांदा साठवतात ती बराखच. घरात दिवसातून दहा वेळा तो शब्द कानावर पडतो. ‘चाळ’ मी अनुदानाच्या फॉर्मवरून उचलली होती. लिहायला बसले की माझ्यातली फॉर्म भरणारी बाई आधी पुढे येते, हे मला त्या दिवशी कळलं.

अशा वेळी डस्टर हातात घेऊ नका. शब्दावर रेघ मारा, नवा शब्द वर लिहा. पोरांना खाडाखोड दिसली पाहिजे, कारण त्यांच्या हिशेबी खाडाखोड म्हणजे घाणेरडी वही, आणि ती समजूत आपणच करून दिलेली आहे. पंधरा मिनिटांनी फळ्यावर हे उरलं :

‘पत्र्यावर थेंब वाजले तशा आत्या उठून बसल्या. “बराख उघडी हाय,” एवढंच म्हणाल्या. मी एका पायात माझी, एका पायात यांची चप्पल घालून अंगणात आले. ताडपत्रीचं एक टोक आत्यांनी धरलं, एक मी. वाऱ्याने माझ्या हातातलं सुटलं.’

‘आणि काका झोपले होते का?’ असंही एकीने विचारलं. तो प्रश्न मी घरी जाऊन मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवला.

आत्यांच्या तोंडचं ‘हाय’ तसंच ठेवायचं का, यावर आमच्या शाळेत वाद झाला. माझं मत पक्कं आहे. माणूस बोलतो तसं त्याचं बोलणं लिहायचं; साहित्य महामंडळाच्या लेखननियमांतही पात्राच्या तोंडची भाषा उच्चाराप्रमाणे लिहायला मुभा आहे. बाकी मजकुराचं शुद्धलेखन बघायचं, पण सगळ्यात शेवटी, भित्तिपत्रकावर चढवायच्या आधी. आधी ह्रस्व-दीर्घ काढत बसलात तर पोरगं फक्त येतात तेवढेच शब्द वापरतं. ‘बिबट्या’तली वेलांटी चुकेल म्हणून ‘प्राणी’ लिहितं.

हे मी वहीतून नाही शिकले, अंगावर आल्यावर शिकले. वडील गेले त्यावर एक पान लिहिलं होतं. धीर करून ओळखीतल्या एका शिक्षकांना वाचायला दिलं. त्यांनी खिशातलं पेन काढलं, दोन वेलांट्या दुरुस्त केल्या, एक अनुस्वार दिला आणि ‘छान आहे’ म्हणून पान परत केलं. माणूस वाईट नाही. मी सतरा वर्षं हेच करत होते, फक्त लाल पेनाने.

म्हणून वहीत शेरा देऊ नका, एक प्रश्न लिहा. एकच, आणि ज्याचं उत्तर तुम्हाला खरंच माहीत नाही असा. चौथीतल्या एका मुलीने लिहिलं होतं : ‘आमच्या मळ्यात बिबट्या आला. आम्ही खूप घाबरलो.’ जुन्नर तालुक्यात या दोन ओळी कुठल्याही वहीत सापडतील. मी खाली लिहिलं, ‘तेव्हा तुझ्या हातात काय होतं?’ शुक्रवारी वही आली : ‘माझ्या हातात शेळीचं दावं होतं. शेळी पुढं येईना. मग मला कळलं.’ यावर मी काहीच लिहिलं नाही. वर्गाला वाचून दाखवू का एवढं तिला विचारलं.

असा प्रश्न सुचायला आपण स्वतः कुठेतरी अडलेलो असावं लागतं. मला चपलेचा प्रश्न पोरांनी विचारला होता, म्हणून मला हाताचा सुचला.

ही काही माझी नवी शोधलेली गोष्ट नाही. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात होते तेव्हा वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने ‘छात्रालय दैनिक’ लिहून काढत. दैनिक! माझं महिन्याला एक भित्तिपत्रक निघता निघत नाही. तिकडे कॅलिफोर्नियात बर्कलेच्या विद्यापीठात जेम्स ग्रे यांनी १९७४ मध्ये शिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग सुरू केले, त्यातही शिक्षकांनी स्वतः लिहायचं आणि एकमेकांना वाचून दाखवायचं असाच बेत होता. लेखनकौशल्यावरच्या ज्या प्रशिक्षणाला मी गेले त्यात आम्ही दिवसभर पडद्यावरच्या स्लाइडी उतरवून घेतल्या. चहा बरा होता.

सोबत मात्र लागते. आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांची महिन्याला शिक्षण परिषद भरते, तिच्यानंतर आम्ही चार-पाच जणं अर्धा तास थांबतो. एकाने वाचायचं, बाकीच्यांनी कुठे दिसलं आणि कुठे दिसलं नाही एवढंच सांगायचं. ‘सुंदर’ म्हणायला बंदी. दोघांनी दोन महिन्यांत येणं सोडलं, त्यांना कविता वाचायच्या होत्या आणि टाळ्या हव्या होत्या. वाईट वाटलं, पण थांबवलं नाही. काहीच सुचत नाही असा महिना आला तर ‘किशोर’चे जुने अंक काढा. बालभारती १९७१ पासून ते काढते आणि जुने अंक नेटवर वाचायला मिळतात. त्यातला एखादा परिच्छेद हाताने वहीत उतरवून घ्या. हात चालू राहतो.

भित्तिपत्रकावर तुमचा कागदही लावा, पोरांच्याच मापाचा, आणि मधे कुठेतरी. वरती नको. बराखीचा कागद मी बिबट्याच्या खाली लावला होता. परवा तिसरीतला एक जण त्यापुढे बराच वेळ उभा राहिला आणि मग माझ्याकडे आला.

‘बाई, ताडपत्रीचं पुढं काय झालं? सापडली का?’

सापडली होती एवढं आठवतं. कुणाच्या रानात, ते आत्यांना माहीत. शुक्रवारच्या आत विचारून ठेवायला हवं.