डरबनला उतरण्याआधी: ‘कुली’ हा शब्द कुठे बोलायचा आणि कुठे नाही

मी सहलीचे ग्रुप घेऊन दक्षिण आफ्रिका आणि मॉरिशसला जाते. पुणे, नाशिक, सांगलीकडची मंडळी असतात, बरीचशी निवृत्त. निघण्याआधीच्या बैठकीत व्हिसा, औषधं, रँड किती घ्यायचे हे सगळं झालं की एक गोष्ट मी हमखास सांगते. विमानतळावर बॅगांना माणूस हवा असेल तर ‘पोर्टर’ म्हणायचं, ‘कुली’ म्हणायचं नाही. हाक मारताना तर नाहीच, पण आपापसात मराठीत बोलतानाही नाही. ‘आपलं मराठी तिथे कुणाला कळतंय?’ असं कुणीतरी म्हणतंच. बाकीचं वाक्य कळत नसेल, हा एक शब्द मात्र डरबनमध्ये नेमका कळतो.

आपल्याकडे कुली म्हणजे स्टेशनवर ओझं वाहणारा. लाल सदरा, दंडाला पितळी बिल्ला. ड्यूटी संपवून घरी गेला की तो कुणाचा तरी बाप असतो, शेजारी असतो. दक्षिण आफ्रिकेत हा शब्द कामाला जोडलेला नाही, जन्माला चिकटवलेला आहे. फरक एवढाच, पण सगळं त्यातच आलं.

१६ नोव्हेंबर १८६० रोजी मद्रासहून निघालेलं ‘ट्रुरो’ नावाचं जहाज डरबनला लागलं. डरबन ज्या ब्रिटिश वसाहतीत होतं त्या नाताळमधल्या उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. पाच वर्षांचा करार, पहिल्या वर्षी महिन्याला दहा शिलिंग पगार, वर शिधा आणि राहायला जागा. १९११ पर्यंत असे दीड लाखाहून जास्त लोक नेले गेले, बहुतेक तमिळ, तेलुगू आणि बिहार-पूर्व उत्तर प्रदेशाकडचे. प्रत्येकाला एक नंबर दिला जाई आणि सरकारदरबारी माणूस त्या नंबरानं ओळखला जाई. मागून स्वतःच्या पैशानं तिकीट काढून गुजराती व्यापारी आले, आपल्या रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान केपटाऊनला जाऊन स्थिरावले. त्यांनी कधी उसाला हात लावला नव्हता, पण गोऱ्यांच्या तोंडी तेही कुलीच. १८९३ साली गांधीजी वकील म्हणून पोचले, तर ते झाले ‘कुली बॅरिस्टर’. ट्रान्सवाल, म्हणजे तेव्हाचं शेजारचं बोअर (डच वंशाच्या गोऱ्यांचं) राज्य, तिथल्या १८८५ च्या कायद्यात तर हा शब्द छापूनच होता. त्या कायद्यानं आशियाई लोकांना नागरिकत्वाचे हक्क नाकारले आणि राहण्यासाठी वेगळ्या वस्त्या नेमायची सोय केली. त्या वस्त्यांना म्हणायचे ‘कुली लोकेशन’. म्हणजे तुम्ही शिका, कमवा, सूट घाला, समोरच्याच्या लेखी तुम्ही ओझं वाहायची वस्तूच. हे ज्याच्या पणजोबापासून चालत आलंय, त्याच्या कानाला तुमचा साधा, निरागस ‘कुली’ कसा लागेल याचा विचार करा.

डरबनचे आमचे स्थानिक गाइड सत्तरीचे आहेत, निवृत्त शिक्षक, मूळचे तमिळ. एकदा आमच्यातल्या एका काकांनी अगदी आपुलकीनं विचारलं, “तुमचे पूर्वज कुली म्हणूनच आले ना?” गाइड चालता चालता थांबले. म्हणाले, “माझी पणजी शेतकऱ्याची मुलगी होती. अंगठा उठवला तो मजूर म्हणून. कुली तिला मळ्याच्या मालकानं केलं.” आवाज चढला नव्हता. काका फक्त “आय ॲम सॉरी, सर” म्हणाले आणि गप्प राहिले. त्यांनी केलं ते अगदी बरोबर होतं, म्हणून मी तेच सगळ्यांना सांगते. तोंडून शब्द गेलाच तर सरळ माफी मागायची. ‘आमच्याकडे हा शब्द चालतो हो’ हे पुराण लावायचं नाही. त्यानं समोरच्यालाच तुमची समजूत काढायला लागते.

आणि विचारायचं असेल तर असं विचारा: “तुमच्या घरचे भारतातून कुठल्या गावाहून आले?” या प्रश्नाला लोक भरभरून उत्तर देतात. जुनं गाव, जहाजाचं नाव, कधी कधी पणजोबांचा नंबरसुद्धा पाठ असतो. करारावर आलेल्यांसाठी तिथे ‘इंडेंचर्ड’ हा शब्द आहे, आपल्याकडे ‘गिरमिटिया’. दोन्ही चालतात.

तिथली तरुण मुलं कधी एकमेकांना चेष्टेत हाच शब्द वापरतात. कवी-लेखकांनीही तो मुद्दाम हातात घेतला आहे. मॉरिशसचे कवी खाल तोराबुली यांनी त्यावरून ‘कुलीट्यूड’ असा शब्द घडवला, मजुरांच्या समुद्रप्रवासाची आठवण मानानं सांगण्यासाठी. तो हक्क त्यांचा आहे. आपण पाहुणे. त्यांनी म्हटलं म्हणून आपण म्हणायचं नाही.

कायद्याचंही लक्षात ठेवा. दक्षिण आफ्रिकेत वंशावरून हिणवणाऱ्या शब्दांबद्दल समता न्यायालयात जाता येतं. काळ्या लोकांसाठी असाच एक जुना शब्द आहे. तो पोलिसांना उद्देशून पुन्हा पुन्हा उच्चारल्याबद्दल २०१८ साली एका बाईला तुरुंगवासाची शिक्षा झाली. तो शब्द मी इथे लिहीत नाही. पण कायद्याच्या भीतीनं जीभ आवरणं ही अगदी शेवटची पायरी झाली. तिथपर्यंत वेळ येऊ नये.

परत आल्यावर पुणे स्टेशनवर काय म्हणायचं, असा प्रश्न निघतोच. २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात सुरेश प्रभूंनी ‘सहायक’ हे नाव जाहीर केलं, पण ते अजून लोकांच्या तोंडी बसलेलं नाही. मराठीत ‘हमाल’ आहे, त्यांच्या संघटनेनंही तोच शब्द नावात घेतला आहे: हमाल पंचायत. राज्याच्या १९६९ च्या कायद्यात ‘माथाडी’ आणि ‘हमाल’ दोन्ही आहेत. लिहिताना हे शब्द घ्या. हाक मारताना मात्र कुठल्याच कामाच्या नावाची गरज नसते. “दादा, दोन बॅगा आहेत, किती घ्याल?” एवढं बास. आणि दर आधी ठरवा, पुलावर चढल्यावर घासाघीस करू नका.

आता फोटो. मॉरिशसला पोर्ट लुईच्या बंदरावर, जिथे १८३४ पासून मजूर उतरवले गेले, तिथे दगडी पायऱ्यांपाशी सगळे फोटो काढतात. मुंबई बंदरातून निघालेले आपले मराठी लोकही तिथे उतरले. त्यांची पणतवंडं आज मॉरिशसमध्ये गणपती बसवतात आणि त्या दिवशी देशाला सुट्टी असते. त्या जागेचं नाव कुली घाट होतं. १९८७ मध्ये ते बदलून ‘आप्रवासी घाट’ केलं गेलं आणि २००६ मध्ये युनेस्कोनं तिला जागतिक वारसास्थळ म्हणून मान्यता दिली. फोटोखाली आजचं नाव लिहा. जुनं सांगायचंच असेल तर अवतरणचिन्हात, ‘पूर्वीचं नाव’ असं म्हणून. जुन्या कागदातला उतारा देत असाल तर शब्द बदलू नका, तो तसाच दिसला पाहिजे. तुमच्या स्वतःच्या वाक्यात मात्र ‘करारबद्ध मजूर’ लिहा, आणि नाव ठाऊक असेल तर आधी नाव.